तापाच्या साथी आणि अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती

नाशिक-पुणे मार्गावर नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर सिन्नर हे तालुक्याचे गाव आहे. हा तालुका दोन प्रकृतींचा आहे. पश्चिमेकडील पांढुर्लीच्या परिसराला सह्याद्रीच्या पावसाचा थोडाफार लाभ होतो. पूर्वेकडील वावी, शहा, पाथरे हा भाग मात्र पर्जन्यछायेत येतो आणि अवर्षणाची झळ त्याला वारंवार सोसावी लागते. टंचाईच्या दिवसांत टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला पाणी जपून ठेवण्याची सवय आपोआपच लागते. घरोघरी रांजण, हौद, सिमेंटच्या टाक्या व प्लॅस्टिकची पिंपे भरलेली असतात. ही सवय काटकसरीची असली, तरी उघड्या साठ्यातील स्वच्छ पाणी हेच एडिस इजिप्ती या डासाच्या मादीचे अंडी घालण्याचे आवडते स्थान होय. याच डासामार्फत डेंग्यूचा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो.

पावसाळा ओसरू लागला की तापाचे रुग्ण वाढतात आणि गावोगावच्या ओट्यांवर एकच वाक्य ऐकू येते : “पेशी कमी झाल्या.” कोणी सांगतो, पांढऱ्या पेशी उतरल्या, कोणी चाळीस हजारांचा आकडा सांगतो, कोणी वीस हजारांचा. त्या आकड्याच्या धास्तीने घरची मंडळी रात्रीबेरात्री वाहन करून शहराकडे धाव घेतात आणि प्रसंगी उसनवारी करून रक्तघटकांच्या पिशव्या मिळवतात. या धावपळीत खरा धोका कोणता व तो केव्हा येतो याकडे मात्र दुर्लक्ष होते. म्हणून, विषाणूंचा संसर्ग झाल्यावर रक्तपेशी कमी का होतात आणि त्या पुन्हा कशा भरून येतात, हे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

रक्त कोठे तयार होते?

आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ, स्पंजासारखा पदार्थ असतो. त्याला अस्थिमज्जा असे म्हणतात. लहान मुलांच्या जवळजवळ सर्वच हाडांतील मज्जा रक्तनिर्मितीचे काम करीत असते. प्रौढपणी हे काम मुख्यत्वे पाठीचे मणके, कमरेची हाडे, छातीचे मधले हाड, बरगड्या व कवटी येथील तांबड्या मज्जेत चालते. या मज्जेत मूळपेशी असतात. एकाच जातीच्या या मूळपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका असे तीन प्रकारचे घटक तयार होतात.

तांबड्या पेशी शरीरभर प्राणवायू पोहोचवितात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. रक्तबिंबिका, म्हणजेच ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो त्या, जखमेच्या जागी एकत्र येऊन रक्तस्राव थांबवितात. डेंग्यूच्या संदर्भात गावात ज्यांना ‘पांढऱ्या पेशी’ म्हटले जाते, त्या बहुधा या रक्तबिंबिकाच असतात. पांढऱ्या पेशी हा निराळाच घटक असून डेंग्यूमध्ये त्याही कमी होतात. दोहोंची गल्लत होऊ नये म्हणून रक्ताच्या अहवालात त्या स्वतंत्रपणे दिलेल्या असतात.

या निर्मितीचे प्रमाण थक्क करणारे आहे. निरोगी प्रौढ माणसाची मज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार करते आणि रक्तबिंबिका दररोज सुमारे १०,००० कोटी इतक्या निर्माण होतात. रक्तबिंबिका तयार होण्याची रीतही मोठी विलक्षण आहे. मज्जेत काही प्रचंड आकाराच्या महापेशी असतात. त्या आपले लांब तंतू मज्जेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत सोडतात आणि त्या तंतूंचे तुकडे पडून रक्तबिंबिका बनतात. अशा एका महापेशीपासून हजारो रक्तबिंबिका मिळतात.

उत्पादन किती व्हावे याची सूचना मज्जेला बाहेरून येते. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड एक संप्रेरक सोडते आणि मज्जा तांबड्या पेशींची निर्मिती वाढविते. रक्तबिंबिकांसाठी अशीच सूचना प्रामुख्याने यकृताकडून येते. कच्चा माल मात्र आहारातूनच मिळावा लागतो. या बाबतीत मुंबईने जगाला एक मोलाची देणगी दिली आहे. डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणी कामगार वर्गातील गरोदर स्त्रियांना होणाऱ्या तीव्र पांडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल होय. लोह, फॉलिक आम्ल, ब-१२ जीवनसत्त्व व प्रथिने यांच्या अभावी मज्जा आधीच रोडावलेली असेल, तर विषाणूंचा घाला तिला अधिक जड जातो.

पेशींचे आयुष्य आणि साधे गणित

पुढील विवेचन समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. रक्तबिंबिकेचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असते. पांढऱ्या पेशींपैकी संख्येने सर्वांत जास्त असलेला प्रकार रक्तात काही तास, फार तर काही दिवस टिकतो.

आता समजा, काही कारणाने मज्जेचे काम एक आठवडा थांबले. १२० दिवस टिकणाऱ्या तांबड्या पेशींत सात दिवसांत सुमारे ६ टक्के घट होईल. ती माणसाच्या लक्षातही येणार नाही. रक्तबिंबिकांचा साठा मात्र बहुतांशी संपुष्टात येईल. म्हणूनच विषाणूजन्य तापात प्रथम पांढऱ्या पेशी व पाठोपाठ रक्तबिंबिका उतरतात आणि तांबड्या पेशी जवळजवळ होत्या तशाच राहतात. शाळेतील वरच्या वर्गांना हे गणित फळ्यावर मांडून दाखविण्यासारखे आहे.

विषाणू मज्जेवर कसा परिणाम करतात?

विषाणूंच्या संसर्गाने मज्जेचे काम मंदावण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग प्रत्यक्ष हल्ल्याचा. काही विषाणू मज्जेतील वाढत्या पेशींच्या आत शिरतात, तेथे आपली संख्या वाढवितात व त्या पेशी नष्ट करतात. काही विषाणू मूळपेशींना आधार व पोषण देणाऱ्या आजूबाजूच्या पेशींना इजा करतात. पीक तसेच असले तरी जमिनीचा कस गेल्यावर जे होते, तेच येथे होते.

दुसरा मार्ग शरीराच्या स्वतःच्या संरक्षणव्यवस्थेतून येतो. विषाणू आढळताच शरीर इंटरफेरॉन व तत्सम द्रव्ये मोठ्या प्रमाणावर सोडते. ही द्रव्ये विषाणूंची वाढ रोखतात. परंतु त्याच वेळी मज्जेतील पेशींच्या विभाजनालाही आवर घालतात. विभाजन पावणारी पेशी विषाणूच्या तावडीत सहज सापडते. म्हणून थोडा काळ काम थांबवून मूळपेशी वाचविण्याची ही निसर्गाचीच योजना असावी, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे.

तिसरा मार्ग विरळा, पण सर्वांत घातक आहे. संसर्ग ओसरल्यावरही शरीराच्या लढाऊ पेशी शांत होत नाहीत आणि स्वतःच्याच मूळपेशींवर उलटतात. काविळीच्या काही रुग्णांत, यकृत सुधारत असताना काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, मज्जा जवळजवळ रिकामी झाल्याचे आढळून येते. या विकाराला ॲप्लास्टिक ॲनिमिया म्हणतात. यात तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात, त्या आपोआप भरून येत नाहीत आणि विशेष उपचारांची किंवा मज्जारोपणाची गरज पडते. एच.आय.व्ही.च्या संसर्गात विषाणू व त्यासोबत येणारे इतर आजार अशा दोन्ही बाजूंनी मज्जेवर ताण येतो. त्यावरील काही औषधांचाही मज्जेवर परिणाम होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णांच्या रक्ताची वेळोवेळी तपासणी केली जाते.

सुदैवाने बहुतेक सर्वसामान्य विषाणूजन्य तापांत पहिल्या दोन मार्गांनी झालेला परिणाम तात्पुरता असतो. मूळपेशी शाबूत राहतात आणि विषाणू हटताच मज्जा पुन्हा कामाला लागते.

डेंग्यूमध्ये नेमके काय घडते?

डेंग्यूच्या रुग्णांची मज्जा तपासण्याचे काम १९६०च्या दशकात थायलंडमध्ये झाले. तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत मज्जेतील पेशींची संख्या घटलेली दिसली, आणि पुढे मज्जा पेशींनी पुन्हा भरून आल्याचे आढळले. म्हणजे रक्ताच्या अहवालात रक्तबिंबिकांचा आकडा ज्या दिवशी सर्वांत खाली दिसतो, त्या दिवसाच्या सुमारास मज्जेत नवे उत्पादन बहुधा सुरूही झालेले असते. शेतात पेरणी झालेली असते, केवळ उगवण दिसावयाची असते.

रक्तबिंबिका घटण्याचे कारण केवळ मज्जेतच असते असे नाही. रक्तात फिरणाऱ्या रक्तबिंबिकांना विषाणू व त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये चिकटतात, त्या वेळेआधीच नष्ट होतात आणि खर्चही अधिक होतात. एकीकडे आवक मंदावलेली आणि दुसरीकडे खर्च वाढलेला, असा हा दुहेरी तोटा असतो. निरोगी माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरमागे दीड ते साडेचार लाख रक्तबिंबिका असतात. डेंग्यूमध्ये त्या एक लाखाखाली व कधी कधी वीस हजारांच्याही खाली जातात.

येथे ॲस्पिरिनविषयी इशारा देणे आवश्यक आहे. ॲस्पिरिनमुळे रक्तबिंबिकेची चिकटण्याची शक्ती जाते आणि ती तिच्या उरलेल्या आयुष्यात परत येत नाही. नव्या रक्तबिंबिकांची आवक मंदावलेली असताना आहेत त्याही निकामी करणे हे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके देखील अशा तापात टाळावयाची असतात. अंगदुखी कितीही असली तरी दुकानातून परस्पर गोळी आणून देऊ नये. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल तेवढे घ्यावे.

आकडा एक, धोका दुसराच

समजा, पूर्व भागातील एखाद्या गावात दहा वर्षांचा मुलगा चार दिवस तापाने फणफणला. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि वडील कांद्याच्या रोपांना पाणी देण्यासाठी शेतावर गेले. दुपारी मुलाचे पोट दुखू लागले, दोन-तीनदा उलटी झाली, हातपाय गार पडले आणि तो निपचित पडून राहिला. ‘अशक्तपणा असेल, झोपू द्या’ असे म्हणून जे तास जातात, तेच डेंग्यूतील सर्वांत मोलाचे तास होत.

डेंग्यूमधील बहुतेक मृत्यूंच्या मुळाशी रक्तद्रवाची गळती असते. तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, साधारणतः ताप उतरण्याच्या सुमारास, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. रक्तातील पातळ भाग पोटाच्या व छातीच्या पोकळीत उतरतो, उरलेले रक्त दाट होते, रक्तदाब घसरतो आणि अवयवांना रक्तपुरवठा अपुरा पडतो. ही अवस्था २४ ते ४८ तास टिकते. ती ओळखण्याचे साधन म्हणजे हिमॅटोक्रिट, अर्थात रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण. रक्तबिंबिका झपाट्याने उतरत असताना हिमॅटोक्रिट मूळ प्रमाणाच्या २० टक्क्यांनी वाढले, तर गळती होत आहे असे समजावे. म्हणून रक्ताचा अहवाल हाती आला की केवळ प्लेटलेटच्या ओळीवर बोट न ठेवता हिमॅटोक्रिटकडेही पाहावे, असे डॉक्टर सांगतात.

पुढील लक्षणांपैकी एक जरी दिसले, तरी रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे : पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, हिरड्या, नाक किंवा शौचावाटे रक्तस्राव, अतिशय अस्वस्थता अथवा गुंगी, हातपाय गार पडणे, चार ते सहा तासांत लघवी न होणे. ताप उतरला म्हणजे धोका टळला, ही समजूत या रोगात लागू पडत नाही. उलट ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस रुग्णावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावयाचे असते.

ज्याला तोंडाने घेता येते अशा रुग्णाला जलसंजीवनी, पेज, ताक, नारळपाणी, वरणाचे पाणी असे द्रव पदार्थ थोडे थोडे, पण सतत द्यावेत. शिरेवाटे द्यावयाच्या सलाइनचे प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरविले पाहिजे. गळती थांबल्यावर बाहेर गेलेला द्रव रक्तात परत येतो. त्या वेळी सलाइन गरजेपेक्षा अधिक दिले गेले असेल, तर फुप्फुसांत पाणी साचून रुग्ण दगावू शकतो. ‘दोन बाटल्या लावून द्या’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, तो याचसाठी.

रक्तबिंबिकांची पिशवी केव्हा लागते?

रक्तबिंबिका बाहेरून दिल्याने आकडा तात्पुरता वाढतो. परंतु आजाराचे कारण तसेच असल्याने दिलेल्या रक्तबिंबिकाही लवकरच नष्ट होतात. सिंगापूर व मलेशिया येथे सुमारे ३७० प्रौढ रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. रक्तबिंबिका वीस हजार किंवा त्याहून कमी, पण रक्तस्राव नाही, अशा रुग्णांचे दोन गट करण्यात आले होते. ज्या गटाला रक्तबिंबिका दिल्या त्या गटात रक्तस्रावाचे प्रमाण कमी झाले नाही. प्रतिकूल परिणाम मात्र अधिक आढळले. आपल्या देशातील मार्गदर्शक सूचनांनुसारही, लक्षणीय रक्तस्राव नसताना केवळ आकडा पाहून रक्तबिंबिका देण्याचा विचार सामान्यतः दहा हजारांच्या खाली गेल्यावरच केला जातो. रक्तस्राव होत असेल तेव्हा निर्णय निराळा असतो व तो डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

रक्तबिंबिका साठविणेही सोपे नाही. २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, सतत हलवत ठेवूनही त्या केवळ पाच दिवस टिकतात. तेव्हा प्रत्येक अनावश्यक पिशवी म्हणजे कर्करोगाच्या एखाद्या रुग्णासाठी किंवा रक्तस्रावाने अत्यवस्थ झालेल्या एखाद्या रुग्णासाठी कमी झालेली पिशवी होय. ग्रामपंचायतींनी व महाविद्यालयांनी साथीच्या काळात रक्तदान शिबिरे अवश्य भरवावीत. मात्र रक्त कोणासाठी वापरावे याबाबत दबाव आणू नये.

पपईच्या पानांच्या रसाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण घरोघरी तो दिला जातो. त्याने रक्तबिंबिकांचा आकडा थोडा लवकर वाढतो असे काही अभ्यासांत दिसले आहे. परंतु त्यामुळे गळती थांबते किंवा मृत्यू टळतो असे सिद्ध झालेले नाही. त्याच्या भरवशावर रुग्णालयात जाणे लांबवू नये.

तांबड्या पेशींवरील घाला : सिकलसेलच्या रुग्णांना विशेष धोका

वर केलेल्या गणिताची दुसरी बाजू नाशिक जिल्ह्याच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची आहे. पार्व्हो बी-१९ नावाचा एक विषाणू आहे. १९७५ साली लंडनमध्ये डॉ. इव्हॉन कोसार्ट यांना काविळीच्या चाचण्या करीत असताना तो आढळला. तपासलेल्या नमुन्याच्या क्रमांकावरून त्याला हे नाव मिळाले. शाळकरी मुलांत खोकल्या-शिंकण्यातून तो पसरतो. निरोगी मुलाला किंचित ताप येतो, गालावर लाली उठते आणि आठवड्याभरात सारे विसरले जाते. परंतु हा विषाणू मज्जेत तांबड्या पेशी घडविणाऱ्या पेशींनाच नेमका गाठतो आणि ७ ते १० दिवस त्यांची निर्मिती जवळजवळ बंद पाडतो. ज्याच्या तांबड्या पेशी १२० दिवस टिकतात, त्याला हा खंड जाणवत नाही.

सिकलसेलच्या रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात. त्यांचे आयुष्य १० ते २० दिवसांचेच असते. त्याची मज्जा रात्रंदिवस राबून ही तूट कशीबशी भरून काढीत असते. अशा मुलाच्या मज्जेचे काम आठवडाभर थांबले, तर तांबड्या पेशींचा तिसरा हिस्सा, निम्मा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक नाहीसा होतो. मूल पांढरेफटक पडते, धाप लागते, हृदयावर ताण येतो आणि वेळीच रक्त न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. सिकलसेलच्या मुलांतील अशा अरिष्टामागे हाच विषाणू असल्याचे १९८१ साली दाखवून देण्यात आले. या अवस्थेत एक-दोनदा रक्त देऊन तो आठवडा निभावला, की मज्जा पूर्ववत काम करू लागते. रक्ताचा हा उपयोग खऱ्या अर्थाने जीवदान देणारा आहे.

महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सुरगाणा, पेठ, कळवण यांसारख्या आदिवासी तालुक्यांतून शेतीच्या हंगामात अनेक कुटुंबे जिल्ह्याच्या इतर भागांत मजुरीसाठी येतात आणि त्यांची मुले आश्रमशाळांत किंवा कामाच्या गावच्या शाळांत शिकतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे. कोणत्या मुलाला सिकलसेल आहे हे आधीच माहीत असेल, तर साध्या तापानंतर ते एकाएकी फिकट दिसू लागताच शिक्षक किंवा अधीक्षक सावध होऊ शकतात. एका घरातील दोन भावंडांना सिकलसेल असेल, तर एकाला हा त्रास झाल्यावर दुसऱ्याचेही रक्त तपासून घ्यावे. कारण संसर्ग घरातल्या घरात पसरतो. गरोदर स्त्रियांनीही गालावर लाली व ताप असलेल्या मुलांपासून जपावे. हा विषाणू गर्भाच्या रक्तनिर्मितीत बाधा आणू शकतो.

मज्जा सावरली नाही तर?

साध्या विषाणूजन्य तापानंतर साधारणपणे आठवड्या-दोन आठवड्यांत रक्ताचे आकडे पूर्ववत होऊ लागतात. तसे न होता अशक्तपणा व फिकेपणा वाढत गेला, अंगावर निळसर डाग उठू लागले, तोंडात वरचेवर व्रण पडू लागले, किंवा तिन्ही प्रकारच्या पेशी कमीच राहिल्या, तर ‘तापाचा थकवा’ म्हणून दुर्लक्ष करू नये. अशा वेळी रक्तविकार तज्ज्ञ कमरेच्या हाडातून सुईने मज्जेचा नमुना घेऊन तपासतात. ही तपासणी जागा बधिर करून केली जाते. मणक्यातील पाणी काढण्याशी तिचा संबंध नाही. तिच्याविषयीच्या भीतीने निदान लांबणीवर टाकणे हिताचे नसते.

या शास्त्राच्या वाढीत महाराष्ट्रातील संस्थांचा वाटा मोठा आहे. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. डेंग्यूच्या निदानासाठी सरकारी प्रयोगशाळांत वापरले जाणारे चाचणी-संच ही संस्था पुरविते. मुंबईत परळ येथे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात असलेली रक्तविषयक राष्ट्रीय संस्था सिकलसेल व इतर रक्तविकारांवर संशोधन करते. परंतु प्रयोगशाळेतील ज्ञान गावच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम गावालाच करावे लागते.

गावाने काय करावे?

एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास अनुकूल हवामानात ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व गावाने ‘कोरडा दिवस’ पाळावा. त्या दिवशी रांजण, पिंपे व हौद रिकामे करून आतील बाजू घासून काढाव्यात. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरड्यातही ती महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी पडताच फुटतात. टंचाईच्या गावात पाणी फेकून द्या असे सांगणे व्यवहार्य नाही. तेथे पाणी कापडातून गाळून दुसऱ्या स्वच्छ भांड्यात घ्यावे, भांडे घासावे आणि पाणी परत भरून घट्ट झाकावे. रिकामे करता न येणाऱ्या मोठ्या टाक्यांत आरोग्य विभागाच्या सल्ल्याने गप्पी मासे सोडावेत किंवा अळीनाशक टाकावे.

एडिस डास दिवसा चावतो व माणसाच्या वस्तीतच राहतो. सिन्नरमध्ये दिवसभर घरात बसून विड्या वळणाऱ्या स्त्रिया आणि वर्गात बसलेली मुले यांना त्याचा उपद्रव अधिक संभवतो. म्हणून केवळ रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून चालणार नाही. शाळेची टाकी, अंगणवाडीचा माठ, ग्रामपंचायत कार्यालयामागचे भंगार आणि औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील जुने टायर यांची पाहणी याद्या करून व्हावी. टँकरच्या फेऱ्यांचे वेळापत्रक नियमित राहील हेही पंचायतीने पाहावे. पुढचे पाणी केव्हा येईल याची खात्री असलेले कुटुंब गरजेपुरतेच साठविते. ज्याला ती खात्री नाही, ते मिळेल त्या भांड्यात पाणी भरून ठेवते. पाणीपुरवठ्याची शिस्त हा रोगप्रतिबंधाचाच एक भाग आहे.

शिक्षकांनी वर्गात रक्तपेशींच्या आयुष्याचे गणित शिकवावे. आशा स्वयंसेविकांनी ताप उतरलेल्या घरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे आणि लघवी, उलट्या व पोटदुखी यांची चौकशी करावी. पंचायत सदस्यांनी धोक्याच्या लक्षणांचा फलक पाणवठ्याजवळ व किराणा दुकानापाशी लावावा आणि रात्रीच्या वेळी वाहन कोणाकडे मिळेल हे आधीच ठरवून ठेवावे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची माहिती प्रत्येक घरात असावी.

अस्थिमज्जा ही आपल्या शरीरातील सर्वांत कष्टाळू यंत्रणांपैकी एक आहे. विषाणूंनी तिचे काम अडविले तरी संधी मिळताच ती पुन्हा उभी राहते आणि दोन-चार दिवसांत घसरलेला आकडा स्वतःच वर आणते. तोपर्यंत रुग्णाच्या रक्ताभिसरणाला आधार देणे, धोक्याची चिन्हे वेळीच ओळखणे आणि सिकलसेलग्रस्तांसारख्या, जिची मज्जा आधीच पणाला लागलेली आहे अशा व्यक्तीकडे विशेष लक्ष पुरविणे, एवढे काम माणसाकडे उरते. आकड्याची धास्ती सोडून गावाने एवढे केले आणि पिंपावर झाकण ठेवले, तरी पुष्कळ जीव वाचतील.